३० दिवसांची उधारी ७० दिवसांवर गेली आहे, वसुलीची घडी कशी बसवायची?

पुठ्ठा_पेटी

नमस्कार मंडळी. छापील पुठ्ठ्याच्या पेट्या बनवण्याचा लहान व्यवसाय आहे. ६२ पार्ट्या आहेत आणि सगळ्यांना कागदावर ३० दिवसांची उधारी आहे. गेल्या तिमाहीची विक्री ३६ लाख, आज येणं २८ लाख. त्याची फोड अशी: बिलाला ३० दिवस झालेले नाहीत असे ९ लाख, ३१ ते ६० दिवसांतले ८, ६१ ते ९० मधले ६ आणि ९० च्या वरचे ५. या २८ पैकी १७ लाख फक्त पाच पार्ट्यांकडे अडकले आहेत. निव्वळ नफा साधारण ८ टक्के. कागदाच्या पुरवठादाराला मात्र १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात.

सध्याची पद्धत म्हणजे खात्यात पैसे कमी पडले की फोन करायचे. फोन केला की थोडेफार येतात, मग पुन्हा सगळं थंड. हिशेबाला एकच माणूस आहे, तोच बिलं बनवतो आणि तोच फोन करतो.

विचारायचं असं की सुरुवात कुठून करावी? उशिरा देणाऱ्याला व्याज लावावं की लवकर देणाऱ्याला सूट द्यावी? आणि माल थांबवला तर पार्टी तुटेल ही भीती कितपत खरी? अनुभवी लोकांनी नेमकं सांगावं ही विनंती.

खतावणी

सुरुवात फोनपासून करू नका, आकड्यांपासून करा. येणं २८ भागिले तिमाहीची विक्री ३६ गुणिले ९० दिवस, म्हणजे बिलाचे पैसे यायला सरासरी ७० दिवस. तुमची रोजची विक्री ४० हजार आहे, म्हणजे हा ७० चा आकडा एका दिवसाने खाली आला की ४० हजार मोकळे होतात. ७० वरून ४५ वर आणलात तर १० लाख बाहेर येतात, तेही एक पेटी जास्त न विकता. हा आकडा दर महिन्याच्या एकाच तारखेला काढून भिंतीवर लावा.

आता दुसरी बाजू. ८ टक्के नफ्याच्या धंद्यात १ लाखाचं बिल बुडालं तर खिशातून गेलेले असतात ९२ हजार. ते भरून काढायला साडेअकरा लाखांची नवी विक्री करावी लागते. ९० दिवसांवरचे तुमचे ५ लाख सगळे बुडाले तर साडेसत्तावन्न लाखांची विक्री, म्हणजे जवळपास पाच महिन्यांचा धंदा, नुसता खड्डा बुजवण्यात जाईल. म्हणून वसुली हे फावल्या वेळचं काम नाही.

यानंतर थकलेलं प्रत्येक बिल घ्या आणि त्याच्यापुढे *का* थकलं ते लिहा. दिवसांची फोड पुरेशी नसते, कारणांची फोड लागते. कारणं चारच असतात. बिल पोचलेलं नाही किंवा त्यात चूक आहे. मालाबद्दल किंवा दराबद्दल तक्रार आहे. पैसे आहेत पण द्यायची घाई नाही. पैसेच नाहीत. या चौघांना औषध वेगवेगळं आहे, आणि सगळ्यांना एकच फोन केला म्हणून तर वसुली होत नाही. ज्याच्याकडे बिलच नोंदलेलं नाही त्याला दहा वेळा आठवण करून काय होणार?

कारण शोधायला मोठ्या पाच पार्ट्यांच्या अकाउंट्स विभागाला फोन करून तीनच गोष्टी विचारा: बिल नोंदलं गेलं का, नोंद क्रमांक काय, आणि कोणत्या तारखेच्या पेमेंटमध्ये आहे? नोंद क्रमांक सांगता आला नाही तर बिल त्यांच्या वहीत चढलेलंच नाही असं धरा. ‘बघतो, असेल’ हे उत्तर म्हणजे ‘नाही’.

बिल अडकण्याची नेहमीची कारणं पार्टीच्या टेबलावरून बघितली की कळतात. तिथला माणूस तीन कागद जुळवतो: त्यांची ऑर्डर, स्टोअरने माल घेतल्याची पावती आणि तुमचं बिल. ऑर्डर क्रमांक बिलावर नसला की ते बाजूला. ऑर्डर ५,००० पेट्यांची, स्टोअरने मोजल्या ४,९६०, बिल ५,००० चं, तेही बाजूला. ऑर्डरमधला दर आणि बिलातला दर यात दहा पैशांचा फरक असला तरी बाजूला. बाजूला ठेवलेल्या बिलाबद्दल तुम्हाला कोणी आपणहून कळवत नाही, कारण न कळवण्यात त्यांचं काही जात नाही. तुम्हाला मात्र ४५ व्या दिवशी कळतं.

तीन-चार ऑर्डरींचा माल एकाच बिलात घालत असाल तर बंद करा. एका ओळीवर आक्षेप निघाला की सगळं बिल थांबतं. एक ऑर्डर, एक चलन (मालासोबत जाणारा पोचेचा कागद), एक बिल. आणि बिल त्याच दिवशी. माल सोमवारी गेला आणि बिल शनिवारी निघालं तर पाच दिवस तुम्हीच घालवलेत, पार्टीने नाही.

बिलावर ‘३० दिवस’ एवढंच लिहू नका, देय तारीख लिहा. ‘३० दिवस’ कुठून मोजायचे यावरच अर्धे वाद असतात: बिलाच्या तारखेपासून, माल मिळाल्यापासून की महिनाअखेरपासून? काही पार्ट्या महिनाअखेरपासून मोजतात. तिथे २८ फेब्रुवारीचं बिल ३० मार्चला देय होतं आणि २ मार्चचं बिल ३० एप्रिलला. दोन दिवसांच्या आळसाने एक महिना गेला. अशा पार्टीचा माल आणि बिल महिना संपायच्या आत काढण्यासाठी धावपळ करणं शंभर टक्के फायद्याचं आहे.

त्यांचे पेमेंटचे दिवसही विचारून ठेवा. पुष्कळ ठिकाणी महिन्यातून दोनदाच पैसे सुटतात, समजा १० आणि २५ तारखेला, आणि यादी त्याच्या तीन-चार दिवस आधी बंद होते. ११ तारखेला तुम्ही कितीही जोर लावलात तरी पैसे २५ लाच येणार. तुमचा फोन ५ किंवा २० तारखेला हवा.

वसुली_टेबल

खतावणींनी पाया सांगितला. मी रोजच्या कामाचं सांगतो.

गरज पडली की फोन, ही पद्धत सगळ्यात महाग आहे. पार्टीला कळतं की हे लोक अडचणीत आल्याशिवाय विचारत नाहीत, मग तुमचं बिल यादीत सगळ्यात खाली जातं. पैसे कमी असले की अकाउंट्सवाला आधी त्याचे देतो जो नेमाने विचारतो. आरडाओरडा करणाऱ्यापेक्षा दर वेळी ठरल्या दिवशी येणारा फोन जास्त काम करतो.

वेळापत्रक असं ठेवा. मोठ्या बिलांसाठी देय तारखेच्या सात दिवस आधी एक फोन, फक्त ‘नोंदलंय ना’ एवढं विचारायला. सगळ्या बिलांसाठी तीन दिवस आधी संदेश. मजकूर एवढाच पुरे:

‘नमस्कार. बिल क्र. ४१७, रक्कम ८४,५००, देय तारीख शुक्रवार, १२. बिल आणि सही केलेलं चलन सोबत जोडलं आहे. नोंद झाली असल्यास क्रमांक कळवावा. काही अडचण असल्यास आजच सांगावी, म्हणजे तारखेआधी दुरुस्त करता येईल.’

बिल दर वेळी जोडायचंच. ‘बिल मिळालं नाही, परत पाठवा’ हे उत्तर तिथल्या तिथे संपतं.

तारीख टळली की दुसऱ्याच दिवशी संदेश, सातव्या दिवशी फोन. पंधराव्या दिवशी खातेउतारा जोडून मेल, आणि तो नेहमीच्या माणसाला नाही, त्याच्या वरच्याला. तिसाव्या दिवशी नवा माल थांबल्याचं पत्र. पंचेचाळिसाव्या दिवशी शेवटचं पत्र, त्यात ‘अमुक तारखेपर्यंत पैसे न आल्यास प्रकरण वकिलांकडे जाईल’ हे स्पष्ट. साठाव्या दिवशी खरंच द्यायचं. तुम्ही लिहिलेलं एकदा जरी केलं नाहीत तर पुढची सगळी पत्रं रद्दी होतात, म्हणून जे करायची तयारी नाही ते लिहूच नका.

फोनवर काय बोलायचं याचा साचा ठरवा. बिल क्रमांक, रक्कम, किती दिवस झाले, आणि ‘पेमेंट कधी होतंय?’ एवढं विचारून गप्प बसा. ही शांतता अवघड वाटते आणि बहुतेक जण स्वतःच ती भरून काढतात: ‘तुमचीही अडचण असेल म्हणा’, ‘थोडं तरी बघा’. तिथे समोरच्याला सुटायला वाट मिळते. आपल्या अडचणीचं रडगाणं गाऊ नका. पैसे देय आहेत म्हणून मागतोय, तुम्हाला गरज आहे म्हणून नाही.

‘या आठवड्यात करतो’ हे वचन धरू नका. वचनात तीन गोष्टी लागतात: रक्कम, तारीख, कसे देणार. ‘गुरुवारी ६० हजार, बँक ट्रान्सफर’ हे वचन. फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत तेच लिहून पाठवा: ‘बोलल्याप्रमाणे गुरुवारी ६० हजार येतील.’ शुक्रवारी सकाळी खातं बघा. आले नसतील तर दुपार होऊ न देता फोन. वचन मोडलेलं तुमच्या लक्षात आलं, हे त्यांना त्याच दिवशी कळलं पाहिजे. लागोपाठ दोन वचनं मोडली की वेळापत्रकाची पुढची पायरी, मग दिवस कितीही झालेले असोत.

प्रत्येक फोनची नोंद एका ओळीत: तारीख, कोणाशी बोललो, काय म्हणाले, पुढची तारीख. ‘पुढची तारीख’ हा रकाना रिकामा राहिला की ते बिल हरवलं समजा. रोज सकाळी त्याच रकान्यावर क्रम लावून यादी काढायची.

मंगळवार-बुधवारी सकाळचे दोन तास फक्त याला द्या, आणि पहिला तास त्या पाच पार्ट्यांना. १७ लाख तिथे आहेत. लहान बिलं उरकायला सोपी म्हणून तिथून सुरुवात होते आणि मोठ्यांपर्यंत पोचेस्तोवर जेवणाची सुट्टी होते, हे फार ठिकाणी घडतं.

मालकाने पहिला फोन करू नये. मालक हा हुकमाचा पत्ता आहे, तो तिसाव्या दिवशी समोरच्या मालकाला फोन करण्यासाठी राखून ठेवा. आणि ऑर्डर मागायचा फोन आणि पैसे मागायचा फोन एकात करू नका. ऑर्डरच्या आशेने मागणी मऊ होते.

एक गोष्ट अजिबात करायची नाही: चारचौघांत बदनामी, ग्रुपवर नाव टाकणं, घरच्यांना फोन. पैसे तर येत नाहीतच, वर तुमच्यावर तक्रार होऊ शकते.

पुठ्ठा_पेटी

दोघांचेही मनापासून आभार. नोंद क्रमांक विचारण्याचं कधी सुचलंच नव्हतं.

दोन नेमक्या अडचणी. एका मोठ्या पार्टीकडे ६ लाख आहेत आणि ते दर वेळी गोल रक्कम पाठवतात, ५० हजार, ७५ हजार, कोणत्या बिलाचे ते सांगत नाहीत. आता त्यांचा उतारा आणि आमचा उतारा जुळत नाही. दुसरं म्हणजे ‘चेक तयार आहे, साहेबांची सही राहिली आहे’ हे तीन-तीन आठवडे चालतं. आणि सूट की व्याज, ते अजून कोणी सांगितलं नाही.

टक्केवारी

सूट देऊ नका, निदान हिशेब केल्याशिवाय नको. ‘१० दिवसांत दिलेत तर २ टक्के सूट, नाहीतर ३० दिवस’ ही जुनी ठरलेली पद्धत आहे. तुम्ही २० दिवस आधी ९८ मिळवण्यासाठी २ सोडता. वर्षाच्या हिशेबात हे २ भागिले ९८ गुणिले ३६५ भागिले २०, म्हणजे सुमारे ३७ टक्के व्याज झालं. बँकेचं कर्ज समजा १२ टक्क्यांनी मिळत असेल तर त्याच २० दिवसांचा खर्च ०.६६ टक्का आहे. मग २ कशाला? अर्ध्या टक्क्याच्या वर जाण्यात अर्थ नाही. शिवाय तुमचा निव्वळ नफाच ८ आहे, त्यातले २ म्हणजे पाव भाग.

प्रत्यक्षात आणखी एक घोळ होतो. सूट घेतात तेच, जे नाहीतरी वेळेवर देत होते. आणि उशिरा देणारे ४० व्या दिवशी सूट कापूनच पैसे पाठवतात. मग त्या उरलेल्या २ टक्क्यांसाठी भांडत बसायचं का? सूट द्यायचीच असेल तर बिलातून कापू देऊ नका. पूर्ण रक्कम वेळेत आली की पुढच्या महिन्यात क्रेडिट नोट द्या, म्हणजे त्यांच्या बाकीतून तेवढी रक्कम कमी केल्याचा कागद.

व्याजाबद्दल: ऑर्डर घेताना मान्य झालेल्या अटींत व्याज लिहिलेलं असेल तर त्याला जास्त वजन. माल गेल्यावर बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेली ओळ पुष्कळदा टिकत नाही. १ लाखावर १८ टक्क्यांनी ४० दिवसांचं व्याज होतं १,९७३. रक्कम फार नाही, पण हातात एक गोष्ट येते: ‘मुद्दल शुक्रवारपर्यंत आलं तर व्याज सोडतो.’ म्हणून ते दर महिन्याला खातेउताऱ्यात वेगळ्या ओळीत दाखवत राहा. व्याजावर धंदा चालत नाही, ते मुद्दलासाठी सोडायची वस्तू आहे.

तुमच्या धंद्याला सूट आणि व्याज दोन्हींपेक्षा आगाऊ रक्कम जास्त शोभते. पेटीवर पार्टीचं नाव छापलं की ती दुसऱ्या कोणाला विकता येत नाही, रद्दीच्या भावाने जाते. छपाईला लावण्याआधी निदान कागदाचा खर्च हातात हवा. सगळ्या जुन्या पार्ट्यांना एकदम लागू करणं जमणार नाही. नवी पार्टी आणि नवं डिझाइन, या दोन ठिकाणी आजपासून करता येईल.

खतावणी

गोल रकमांबद्दल. पैसे आले त्याच दिवशी पावती पाठवा आणि तिच्यात लिहा: ‘५०,००० मिळाले. बिल क्र. ३५२ चे ३१,२००, बिल क्र. ३६१ चे १८,८००. दुसऱ्या बिलांपोटी असल्यास तीन दिवसांत कळवावे.’ पार्टीने सांगितलं नाही तर सगळ्यात जुन्या बिलापासून. कुठल्याच बिलाला न लावता ‘खात्यावर जमा’ करून ठेवलंत की सहा महिन्यांनी हेच होतं जे तुमचं झालं आहे. गोल रकमांखाली पुष्कळदा एखाद्या बिलाचा वाद दडलेला असतो. ते बिल ते कधीच देत नाहीत, पण इतर पैसे येत राहतात म्हणून तुम्हाला दिसत नाही.

६ लाखांच्या पार्टीचा उतारा जुळवायला दोघांचे कागद समोर ठेवा आणि ज्या तारखेला शेवटची बाकी सारखी होती तिथपासून पुढे या. आजपासून मागे जाऊ नका, गुंता वाढतो. फरक बहुधा इथे मिळतो: त्यांच्याकडे न चढलेलं बिल, त्यांनी टाकलेली आणि तुम्हाला न कळवलेली डेबिट नोट (तुमच्या येण्यातून रक्कम कापल्याची नोंद), परत आलेला माल, कापलेला कर, आणि एकच पेमेंट दोन जागी. जेवढं जुळलं तेवढ्याचे पैसे लगेच मागा. ‘सगळं जुळू दे, मग देतो’ हे मान्य करायचं नाही. साडेपाच लाख जुळले आणि पन्नास हजारांवर वाद आहे, तर साडेपाच लाखांना कोणती अडचण?

जुळल्यावर बाकी मान्य असल्याचं पत्र सही-शिक्क्यासह घ्या. दर सहा महिन्यांनी सगळ्या मोठ्या पार्ट्यांकडून घ्या. पुढे वाद झाला तर ‘इतकी रक्कम देणं लागतो’ ही त्यांचीच लेखी कबुली असते. शिवाय दावा लावायला कायद्याने मुदत ठरलेली असते. अशा कबुलीचा त्या मुदतीवर काय परिणाम होतो ते वकिलाला विचारून ठेवा, आणि मुदत संपायला आली की नाही यावर लक्ष ठेवा.

‘सही राहिली आहे’ वर: चेक क्रमांक विचारा आणि त्यावरची तारीख विचारा. तयार चेकला क्रमांक असतोच. सांगता येत नसेल तर चेक लिहिलेला नाही. क्रमांक मिळाला तर सही कोणाची, ते कधी येणार आणि त्यांच्या गैरहजेरीत कोण करतं ते विचारा. त्याच फोनवर ‘त्यापेक्षा ट्रान्सफर करा’ म्हणून बँकेचा तपशील पाठवा. पण बँक तपशील कधी बदललात तर नुसता मेल करू नका, फोन करून खात्री करून द्या. बनावट मेल पाठवून पुरवठादाराचे पैसे दुसऱ्याच खात्यात वळवण्याचे प्रकार सर्रास होतात.

मालाच्या तक्रारीवर एक वाक्य अटींत हवं: तक्रार माल मिळाल्यापासून सात दिवसांत, लेखी. ५,००० मधल्या २०० पेट्या खराब निघाल्या तर दोन दिवसांत त्या २०० ची क्रेडिट नोट देऊन मोकळे व्हा आणि ४,८०० चे पैसे तारखेला मागा. २०० पेट्यांची चूक कबूल करायला तुम्ही महिना लावलात तर ४,८०० चे पैसे अडवायला तुम्हीच कारण दिलंत.

गोदाम_ते_गेट

माल थांबवण्याच्या प्रश्नाला उत्तर देतो. पार्टी तुटण्याची भीती खरी आहे, पण ती अचानक थांबवण्यामुळे असते. नियम आधी लिहून दिला, सगळ्यांना सारखा लावला आणि थांबवायच्या आठवडाभर आधी कळवलं तर देणारी पार्टी देते. ज्याला द्यायचेच नाहीत तो तुटला तर उधारी वाढायची थांबली.

प्रत्येक पार्टीला मर्यादा ठरवा. उधारीच्या दिवसांत १५ मिळवा, त्याला महिन्याच्या खरेदीने गुणा आणि ३० ने भागा. महिना दीड लाख घेणाऱ्याला ४५ दिवसांच्या हिशेबाने सव्वादोन लाख. मर्यादा ओलांडली किंवा कुठलंही बिनवादाचं बिल देय तारखेपुढे ३० दिवस गेलं की नवी ऑर्डर थांबते. तुमची ६ लाखांची पार्टीही महिना दीड लाख घेते असं धरलं, तर या मर्यादेने तिची बाकी सव्वादोनच्या पुढे फारशी गेली नसती.

बिघडतं कुठे? थांबवल्याचं हिशेबाच्या टेबलाला माहीत असतं आणि गेटवर गाडी भरत असते. मर्यादेची यादी ऑर्डर घेणाऱ्याकडे आणि गाडी सोडणाऱ्याकडे रोज सकाळी गेली पाहिजे. अपवाद करायचा तर एकाच माणसाने, लेखी, कारण आणि तारीख टाकून. तोंडी अपवाद चालू झाले की महिन्याभरात नियम उरत नाही. थांबवायचं तेही ऑर्डर घेतानाच, पेट्या छापून झाल्यावर नाही.

पूर्ण थांबवणं जड वाटत असेल तर मधला रस्ता आहे: नवा माल रोखीने, आणि प्रत्येक खेपेला जुन्यातले काही. यात हिशेब नीट करा. ६ लाख जुने, महिन्याला दीड लाखाचा माल. जुन्यापोटी २५ टक्के म्हटलंत तर महिन्याला ३७,५००, म्हणजे १६ महिने. इतका काळ कोणी नियम पाळत नाही. सहा महिन्यांत संपवायचं तर दर महिन्याला १ लाख जुने हवेत, नव्या मालाचे दीड लाख वेगळे. ते त्यांना झेपत नसेल तर माल कमी घ्या म्हणावं.

आता ‘पैसेच नाहीत’ हा गट. खुणा ठळक असतात. रकमा लहान आणि गोल होत जातात, अकाउंट्समधली माणसं बदलतात, चेक परत येतो, फोन उचलले जात नाहीत. सगळ्यात धोक्याची खूण म्हणजे जुनं न देता अचानक नेहमीपेक्षा मोठी ऑर्डर. दुसऱ्या पुरवठादारांनी माल बंद केल्यावर तुमच्याकडे मागणी वाढते. ती धंदा वाढल्याची खूण समजून माल देणं ही फार महागात पडणारी चूक आहे.

इथे वेग लागतो. पंधरवड्याला थोडे का होईना, घेत राहा. हप्ते ठरवायचे तर कागदावर: एकूण बाकी मान्य, प्रत्येक हप्त्याची तारीख आणि रक्कम, आणि एक हप्ता चुकला तर सगळी बाकी लगेच देय. हे शेवटचं वाक्य नसेल तर हप्ते म्हणजे नुसती मुदतवाढ. न वापरलेल्या पेट्या त्यांच्या गोदामात असतील तर त्या परत घेऊन फायदा नाही, नाव छापलेलं आहे. साध्या, बिनछापील पेट्या मात्र परत घेता येतात, ते विचारा. त्यांच्या छपाईच्या प्लेटा आणि साचे तुमच्याकडे असतील तर ते अडवून ठेवण्याआधी वकिलाला विचारा. ते त्यांच्या मालकीचे असतील तर उलटा दावा तुमच्यावर येऊ शकतो.

तडजोडीचाही विचार करा. ५ लाखांचं येणं दीड वर्ष भांडून कदाचित मिळेल, आणि आज साडेतीन मिळताहेत. वकिलाचा खर्च, त्यात जाणारा वेळ आणि ‘कदाचित’ ची किंमत धरून मग ठरवा. तडजोड केलीत तर ‘अमुक तारखेपर्यंत साडेतीन लाख जमा झाले तरच उरलेली रक्कम सोडली, नाहीतर पूर्ण ५ लाख देय’ असं लिहा.

वकिलाकडे जायचं तर फाइल पूर्ण हवी: ऑर्डर, सही केलेलं चलन, बिल, उतारा, बाकी मान्यतेचं पत्र, वचनांचे संदेश. यातलं हमखास हरवलेलं असतं ते सही केलेलं चलन. सही कोणाची ते वाचता येत नाही, शिक्का नाही, तारीख नाही. गाडीवाल्याला सांगा: नाव, सही, शिक्का, तारीख, मोजलेली संख्या. हे पाच झाल्याशिवाय गेटबाहेर यायचं नाही, आणि चलनाचा फोटो तिथूनच पाठवायचा.

पुठ्ठा_पेटी

आजच पाच पार्ट्यांना फोन झाले. दोन ठिकाणी मिळून ३ लाख ४० हजारांची बिलं नोंदलेलीच नाहीत, दोन्हीकडे ऑर्डर क्रमांक नव्हता. दुरुस्त करून पाठवली.

एक शेवटचं. चाळीसेक पार्ट्या अशा आहेत ज्यांच्याकडे फुटकळ बाकी आहे, सगळी मिळून दोन लाखही नाही. त्यांच्यामागे वेळ घालवावा का? आणि ऑर्डर आणणारा माणूस म्हणतो की वसुली त्याचं काम नाही.

वसुली_टेबल

पुन्हा पाठवलेल्या बिलांची देय तारीख कोणती धरणार, ते आजच लेखी ठरवून घ्या. नाहीतर ते नव्या तारखेपासून पुन्हा ३० दिवस मोजतील. ‘मूळ तारखेप्रमाणे मुदत संपली आहे, येत्या पेमेंटच्या यादीत घ्यावे’ असं सोबतच्या पत्रात हवं.

फुटकळ पार्ट्यांना फोन नाही. संदेश आपोआप जातील अशी सोय बहुतेक हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असते, ती चालू करा. पुढची ऑर्डर आली की आधी जुनी बाकी, मग माल. लहान ऑर्डरींना उधारीच बंद केलीत तरी चालेल, कारण बिल लहान असो वा मोठं, त्यामागचं कागदाचं काम तेवढंच असतं.

ऑर्डर आणणाऱ्याचं कमिशन बिल झाल्यावर देत असाल तर पैसे जमा झाल्यावर द्यायला लागा. ६० दिवसांनंतर आलेल्या पैशांवर अर्धं, ९० नंतर काही नाही. पण हे नव्या ऑर्डरींपासून, जुन्यांवर उलटं लावू नका. आणि त्याला दर सोमवारी त्याच्या पार्ट्यांची थकबाकी छापून द्या. पार्टीच्या आत काय चाललंय ते त्याला तुमच्या हिशेबनिसापेक्षा आधी कळतं.